एकाहत्तर गुणांचा पाऊस

ऑरेगनमधला पाऊस आधी कानाला कळतो. पाइन आणि फरची झाडं इतकी दाट, की थेंब खाली पोचण्याआधी बराच वेळ वरच्या वर सळसळत राहतात, आणि मग कधीतरी रस्त्याचा रंग बदलतो, डांबर काळंभोर होतं, कडेचा चिखल मऊ पडतो, वळणावर बाईकचं मागचं चाक जरासं सरकून पुन्हा जागेवर येतं, समोर आडव्या पडलेल्या ट्रकमधून हातभर गवत वर आलेलं, पलीकडे धुक्यात कमरेपर्यंत बुडालेला डोंगर, आणि या सगळ्यातून, पाठीवर कुठल्याशा जुन्या टोळीचं चिन्ह मिरवणारी बंडी घातलेला एक माणूस स्वतःशीच पुटपुटत चाललेला असतो, टाकीत किती उरलंय याचा अंदाज घेत. मागे कोणी नाही. पुढे कोणी आहे का, ते पुढे गेल्यावर कळेल.

या पावसाला शंभरापैकी ७१ गुण मिळाले.

गेमचं नाव ‘डेज गॉन’. सोनीच्या बेंड स्टुडिओने केलेला. बेंड हे ऑरेगनच्या मध्यावरचं शहर, म्हणजे करणाऱ्यांनी आपल्याच दारातला मुलूख घेतला. रोज नजरेला पडणारे डोंगर घेतले, लाव्हाचे काळे खडक घेतले, उंचावरचं कोरडं माळरान, अर्ध्या वाटेत अवचित लागणारा बर्फ घेतला, आणि त्यातून माणसं काढून टाकली. एक रोग आला. बहुतेक माणसं मेली, आणि जी मेली नाहीत त्यांतली बरीचशी माणसं उरली नाहीत, ‘फ्रीकर’ झाली, भुकेपलीकडे ज्यांना काही आठवत नाही अशी. त्यालाही दोन वर्षं झाली. आता रस्त्यावर डीकन सेंट जॉन आहे आणि त्याची बाईक आहे. २६ एप्रिल २०१९ ला हा गेम प्लेस्टेशन ४ वर आला. त्याच आठवड्यात जगभर ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ लागला होता, आणि अख्खं विश्व वाचवण्याच्या त्या धामधुमीत पेट्रोल शोधत हिंडणाऱ्या एकट्या बाईकवाल्याकडे बघायला तसाही कोणाला वेळ नव्हता.

समीक्षकांना मात्र बघणं भागच होतं. ‘मेटाक्रिटिक’ नावाची एक व्यवस्था आहे, ती सगळ्या समीक्षकांचे गुण गोळा करते आणि सरासरी काढते. तिथला आकडा ७१ वर येऊन थांबला. आयजीएनने दहापैकी साडेसहा दिले, गेमस्पॉटने पाच. फार लांबलाय, तेच ते करायला लावतो, मध्येच अडखळतो, नायक रागीट आहे आणि त्याच्याशी सूर जुळत नाही, शिवाय झोंबींनी भरलेलं उजाड जग आम्ही आधी किती वेळा पाहिलं. खेळणाऱ्यांनी दिलेले गुण वेगळे मोजले जातात. ते दहापैकी आठाच्या पुढे गेले. एक गेम, दोन निकाल, आणि मधली जी फट, तिच्यात गेली कित्येक वर्षं एक भांडण मुक्कामाला आहे.

मी त्या भांडणात पडले ती भाच्यामुळे. तो शिकायला जर्मनीला गेला आणि जाताना प्लेस्टेशन आमच्याकडे ठेवून गेला, सोबत डिस्कांचा एक डबा. ‘मावशी, हा सगळ्यात शेवटी लाव, बोअर आहे,’ असं एका डिस्कवर बोट ठेवून सांगून गेला. मी तीच आधी लावली, कारण झाकणावर बाईक होती. बाकीच्या उघडायच्या राहूनच गेल्या.

ते वर्ष २०२० होतं. आमच्या खिडकीतून घोडबंदर रस्ता दिसतो, आणि त्या वर्षी तो दिसायचा म्हणजे खरोखरच दिसायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे काहीही नाही, एखादी रुग्णवाहिका जायची आणि तिचा आवाज जाऊन संपला तरी कान तिच्या मागे बराच वेळ चालत राहायचे. मी पडदा ओढून घ्यायचे आणि टीव्ही लावायचे. टीव्हीतही रस्ता रिकामाच. त्याच्या कडेला सरकारी तंबू, फाटलेले, वाऱ्यावर हलणारे. आत ओळीने खाटा, सलाइनच्या रिकाम्या पिशव्या, जमिनीवर पडलेले बूट. कधीतरी इथे रांगा लागल्या होत्या. कोणीतरी कोणाला तरी मागे हो म्हणून सांगितलं होतं. २०१९ च्या एप्रिलमध्ये ज्यांनी या गेमबद्दल लिहिलं त्यांच्यासमोर हेच तंबू होते, आणि त्यांनी ते पाहिले ते देखावा म्हणून, या जातीच्या प्रत्येक गेममध्ये असतात तसले. त्यात त्यांची चूक काय? पण वर्ष उलटायच्या आत देखाव्याची बातमी झाली. निकाल लागून गेला होता, उत्तरपत्रिका मागाहून बदलली.

त्या तंबूंपाशी एक काम असतं. ‘निरो’ नावाच्या संस्थेच्या या चौक्या, रोगाशी लढायला उभारलेल्या आणि सोडून दिलेल्या. आत शिरायचं तर वीज हवी, विजेसाठी जनरेटर चालू करायचा, त्यात पेट्रोल नसलं तर डबा शोधून आणायचा. पण जनरेटर धडधडला की खांबांवरचे भोंगे जागे होतात आणि दोन वर्षांपूर्वीच्या सूचना मोठमोठ्याने देऊ लागतात, शांत राहा, रांगेत राहा, आणि तो आवाज ऐकून झाडीतून फ्रीकर निघतात. म्हणून आधी भोंगे शोधायचे. मान वर करून छपरं बघत हिंडायचं, भिंतीवरून खाली उतरणारी वायर नजरेने धरायची, तोडायची, दुसरा भोंगा, तिसरा, आणि एखादा नेमका मागच्या बाजूला राहून जातो. सगळे झाले की मग जनरेटर. दार सरकतं, आत पांढरा उजेड, एक खाट, आणि एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र. त्यात कोणा डॉक्टरचा, कोणा सैनिकाचा आवाज. मी त्या खाटेजवळ उभी राहून तो ऐकायचे. गेममध्ये त्याने पुढे काहीच सरकत नाही. डीकन नुसता उभा, छातीचा भाता हलतोय तेवढाच. हे काम गेमभर पुन्हा पुन्हा करावं लागतं, दर वेळी जवळजवळ तसंच, आणि समीक्षेत ‘तेच ते’ म्हटलंय ते याच प्रकाराला. आहेच ते तेच ते. पण रोज संध्याकाळी हात धुऊन, भाजीच्या पिशव्या पुसून, जिन्याच्या कठड्याला हात न लावता वर येणाऱ्या माझ्यासारखीला त्या ‘तेच ते’मध्ये एक ओळखीची, जवळजवळ दिलासा देणारी लय सापडायची. भोंगे आधी. जनरेटर नंतर.

मला समीक्षकांशी भांडायचं नाही, हे इथे सांगून टाकते. ते म्हणतात त्यातलं बहुतेक खरं आहे. गेम आला तेव्हा तो धडपडत होता, चित्र अडकायचं, आवाज मागे राहायचा, आणि पुढचे कित्येक महिने दुरुस्त्या येत राहिल्या. माझ्या हाती पडला तो त्या सगळ्या दुरुस्त्या पोटात घेतलेला, समीक्षकांच्या वाट्याला आला तो कच्चा. संवाद काही ठिकाणी कानाला बोचतात. डीकन आणि त्याची बायको सेरा यांच्या लग्नातल्या शपथेत एक वाक्य आहे, त्याची अजून चेष्टा चालते आणि ती रास्त आहे. पहिले कित्येक तास गेम आपला हात आखडून बसतो, ज्यासाठी तो लक्षात राहावा ते सगळं त्याने खूप आत ठेवलंय. आणि समीक्षक म्हणजे तरी कोण, गेम बाहेर पडण्याआधी ठरलेल्या तारखेला लेख द्यायचा म्हणून रात्री जागणारा, तीस-चाळीस तासांचा प्रवास मोजक्या दिवसांत बसवणारा, पेट्रोल संपलं की ज्याचा जीव खरोखर खालीवर होतो तो. कारण त्याचं पेट्रोल म्हणजे त्याची झोप. त्याला रस्त्यात थांबून पाऊस बघायला कोणी सांगितलं असतं तर त्याने सांगणाऱ्याला मारलं असतं.

माझ्याकडे वेळ होता. कोणीही काहीही मागत नव्हतं.

आणि वेळ असेल तर पेट्रोलचं काय होतं बघा. सुरुवातीला बाईकची टाकी एवढीशी, जरा लांब गेलं की काटा खाली, गाडी रिझर्व्हला लागल्याची ती पोटातली जाणीव, आणि ही जाणीव आपल्याकडे ज्याने बजाजची स्कूटर चालवली आहे त्याला शिकवावी लागत नाही; खंबाटकीच्या उतारावर न्यूट्रल टाकून, इंजिन बंद करून, गाडीला नुसती सोडून द्यायची, मागे बसलेल्या बायकोने पदर धरून ठेवायचा, आणि इंजिनाच्या आवाजाखाली इतका वेळ दबून राहिलेला वारा, टायरची सरसर, खाली कुठे तरी वाजणारी बैलाची घंटा हे सगळं एकदम वर यायचं. ‘डेज गॉन’मध्येही हेच करता येतं. उतारावर गॅस सोडला की पेट्रोल जळत नाही. पर्वतातून खाली येताना मी बोट काढून घ्यायचे, बाईक आपल्या वजनाने घरंगळायची, आणि जंगल बोलायला लागायचं. लांबून कावळे. पाणी. कुठेतरी फांदी मोडल्याचा आवाज, आणि ती वाऱ्याने मोडली की पायाने, हे ठरवायला जेमतेम एक वळण हातात. पेट्रोल भरपूर असतं तर मी हे कधीच ऐकलं नसतं. सरळ गॅस देऊन निघून गेले असते, दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये जाते तशी. ज्याला कटकट म्हटलं गेलं त्या कटकटीनेच मला तो मुलूख ऐकायला लावला. इथवरचा खेळ जतन करायचा तरी बाईकजवळ, नाहीतर एखाद्या खाटेपाशी. म्हणजे बाईकपासून लांब गेलात, आणि मेलात, तर गेलं सगळं. म्हणून पायी चालतानाही मन बाईकपाशी असतं. झाडीत शिरताना मी मागे वळून बघायचे, ती उभी आहे ना. ती असायची, पावसात निथळत, एका पायावर कललेली.

फ्रीकर दिवसा गुहांमध्ये पडून असतात. रात्री निघतात. एकेकटे नाहीत, शेकड्यांनी, आणि खेळणारे त्याला ‘होर्ड’ म्हणतात. पहिल्यांदा होर्ड पाहिला तेव्हा मला तो होर्ड आहे हेच कळलं नाही; वाटलं, चंद्र ढगाआड गेला आणि समोरच्या उताराची सावली सरकली. सावली सरकली आणि सरकतच राहिली. मग तिला डोकी दिसू लागली, खांदे दिसू लागले, आणि ती एका ओढ्याच्या काठाशी जाऊन थबकली, पसरली, खाली वाकली.

पाणी प्यायला आले होते.

मी कड्यावर झुडपात बसून होते, बंदूक होती, बाटलीबॉम्ब होते, आणि गेम मला केव्हाचा सुचवत होता की यांना मार. पण ते पाणी पीत होते. इतक्या सगळ्या गुडघ्यांवर टेकलेल्या, ओंजळ करायची हे विसरलेल्या, तोंडच पाण्याला लावणाऱ्या आकृत्या, ज्या कधीतरी कोणाच्या तरी आत्या, वाणी, मास्तर होत्या. त्यांच्यात पोरंही आहेत. ती या घोळक्यात येत नाहीत, घरांच्या छपरांवर दबा धरून बसतात, आपण धडधाकट असू तर नुसती बघतात, जखमी असू तर उडी मारतात. गेम करणाऱ्यांनी हे का ठेवलं, त्यामागे किती विचार होता आणि किती निव्वळ सोय, मला ठाऊक नाही, आणि माझ्या लेखी त्याने फरक पडत नाही. छपरावरून खाली बघणारं ते पोर माझ्या डोळ्यांत राहिलं. दहातल्या पाचांमध्ये ते कुठे बसतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

लढाईसुद्धा होती, ती नव्हती असं म्हणणार नाही. जुन्या लाकूडगिरणीतला होर्ड पाचेकशे फ्रीकरांचा. २०१६ मध्ये गेम जगाला पहिल्यांदा खेळून दाखवला तोही होर्डपासून पळणाऱ्या डीकनचाच भाग. गिरणीत मी आधी हिंडून घेतलं, कुठल्या दारातून पळायचं, कुठला जिना, ओंडक्यांची कुठली रास घसरते, कुठे पिंप ठेवलंय, सगळं डोळ्यांत भरून घेतलं, आणि मग ते आले तेव्हा त्यातलं एकही आठवलं नाही. नुसती धावले. मागे भिंत कोसळत येते तसा आवाज, पण भिंतीला पाय. तळहात ओले. शेजारच्या खोलीतून आई विचारतेय, काय झालं गं. काही नाही, म्हटलं, गिरणीत आहे.

डीकनला एक मित्र आहे, बूझर. त्याचा हात जळतो आणि पुढे तो कापावाच लागतो. बाईकवर जगलेला माणूस, त्याला आता हँडल धरता येणार नाही; तो खाटेवर पडून राहतो, भिंतीकडे तोंड करून. डीकन काय करतो तर त्याच्यासाठी कुत्र्याचं पिल्लू शोधायला निघतो. जग संपलंय, औषधं संपलीत, आणि हा माणूस पिल्लू शोधतोय. पेट्रोल जाळून. त्या मोहिमेला समीक्षेत कुठे ओळभर जागा मिळाली असेल तर माझ्या वाचनात आली नाही, आणि खेळणाऱ्यांपैकी कोणाशीही बोला, तो आधी होर्डचं सांगेल आणि मग, जरा थांबून, त्या पिल्लाचं.

आणि सेरा. रोग पसरला त्या रात्री जखमी बायकोला डीकनने ‘निरो’च्या हेलिकॉप्टरमध्ये चढवलं आणि स्वतः जखमी बूझरसोबत खाली राहिला, कारण जागा पुरत नव्हती. हेलिकॉप्टर गेलं ते गेलंच. आता तिच्या नावाचा एक दगड आहे. तो तिथे जातो, बोलतो, परत येतो, पुन्हा जातो. सगळे त्याला सांगतात, ती नाही आता. त्यालाही हे माहीत आहे, दगड त्यानेच तर मानला. तरी मन ऐकत नाही. (खेळायचा असेल त्यांनी पुढचं वाक्य गाळावं.) क्रेटर लेकच्या निळ्याशार पाण्यातल्या बेटावर, बरंच पुढे गेल्यावर, ती त्याला जिवंत भेटते, आणि तो तिच्यासमोर उभा राहतो तेव्हा ती ओळख दाखवत नाही.

मला कधी कधी वाटतं, खेळणाऱ्यांनी हा गेम उचलून धरला तो डीकनकडूनच शिकून. २०२१ मध्ये बातमी आली की सोनीने दुसऱ्या भागाला नकार दिला आहे. लोकांनी सह्या गोळा करायला घेतल्या, बघता बघता लाखाच्या वर गेल्या. कोणाला पटवायचं होतं? कंपनी सह्या मोजून गेम काढत नाही, हे सही करणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. मीही केली. दगडापाशी जाऊन बोलण्याचाच तो प्रकार, आणि बोलून आल्यावर हलकं वाटतं, हेही खरं.

पण उचलून धरणाऱ्यांत सगळेच असे हळवे नव्हते. काहींनी समीक्षकांना नको नको ते लिहिलं, विशेषतः समीक्षक बाई असेल तर, आणि त्यांच्या बाजूला माझं नाव कोणी लावलं तर मला ते चालणार नाही. गेमचे लेखक-दिग्दर्शक जॉन गार्विन यांनीही २०२२ च्या अखेरीस जाहीरपणे म्हटलं, की गेममध्ये तांत्रिक खोट होती हे खरं, पण समीक्षकांनी तो नीट खेळलाच नाही, आणि एका राकट गोऱ्या बाईकवाल्याचं वागणं त्यांच्या नव्या विचारांना सोसलं नाही. वाचून मी खट्टू झाले. मला त्या बाईकवाल्याचा राकटपणा कधीच आवडला नव्हता. मला तो आवडत होता तो पुटपुटताना, पिल्लू शोधताना, दगडापाशी. त्यांनी आपल्याच माणसाची चुकीची बाजू राखली. त्याआधी त्यांनी आणखी एक सांगितलं होतं: गेमवर प्रेम असेल तर तो पूर्ण किमतीला घ्या. आता माझी डिस्क भाच्याची, भाच्याने ती घेतलेली सेकंडहँड. गार्विनसाहेब, माझ्याकडून तुम्हाला एक पैसा पोचला नाही आणि कॅस्केडच्या डोंगरांतला एकही पाऊस मी चुकवला नाही, याचा हिशेब कसा करायचा?

हिशेब त्यांनाही जमला नाही म्हणा. दुसरे दिग्दर्शक जेफ रॉस यांनी २०२२ मध्ये सांगितलं, की आपण स्टुडिओ सोडला तोवर गेमच्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती खपल्या होत्या, तरी वरचे लोक तो पडल्यागत वागवत होते. या धंद्यात आकड्याला फार बळ आहे. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हाही उजाड जगातलाच गेम, २०१० साली आला, ८४ वर थांबला, आणि करणाऱ्यांना बक्षिसी मिळायची होती ती ८५ झाले तरच, असं त्यांच्यातल्याच एकाने नंतर सांगितलं. एका गुणाने गेली. आज त्या गेमचं नाव लोक डोळे मिटून घेतात. ‘मॅड मॅक्स’ तर बिचारा २०१५ मध्ये एका फार मोठ्या गेमच्या नेमक्या त्याच दिवशी बाजारात आला आणि त्याच्या वाळवंटाकडे वळून बघायलाही लोकांना वर्षं लागली. या सगळ्यांचं एक आहे. त्यांच्या जगात काही घडत नसतं तेव्हाच ते सगळ्यात जास्त जिवंत असतात, आणि काही घडत नसण्याला गुण कसे देणार?

मला त्या जगात एक ओळखीची बाईही भेटली. लॉस्ट लेकच्या छावणीत, पाण्याच्या काठी, लाकडी घरांच्या वस्तीत, यंत्रं बघणारी, वीज आणू पाहणारी, डीकनला त्याच्या तोंडावर सुनावणारी. नाव रिकी पाटील. पडद्यावर ते आडनाव आलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. कुठले पाटील, कोणी सांगत नाही. जळगावकडचे असतील, नसतील. आजोबांनी गाव सोडलं असेल, तिला मराठीचं एक अक्षर येत नसेल. पण जग बुडाल्यावरही ऑरेगनच्या जंगलात एक पाटीलबाई पाना घेऊन उभी आहे, आणि पुरुष तिचं ऐकतायत, हे मला इतकं बरं वाटलं, की त्या रात्री मी मोहीम सोडून दिली आणि छावणीतच फिरत बसले. कोणी शेकोटीपाशी, कोणी मासे सोलतंय, तळ्यावर उन्हं कलतायत. मी रिकीच्या आसपास घोटाळत राहिले. ती आपल्या कामात. माझ्याशी बोलावं असं तिच्यात काही लिहिलेलंच नव्हतं, नेमून दिलेली वाक्यं संपली होती. तरी मी होते तिथे, अंधार पडेपर्यंत.

२०२५ च्या जानेवारीत बेंड स्टुडिओचा पुढचा, दुसराच कुठला तरी गेम सोनीने मध्येच बंद केला. एप्रिलमध्ये ‘डेज गॉन’ नव्याने घासूनपुसून प्लेस्टेशन ५ वर आणला, अंधार जास्त गहिरा, पानं जास्त ओली. भाच्याने तिकडे, श्टुटगार्टमध्ये तो घेतला, बहुधा माझ्या भुणभुणीला कंटाळून. आठवडाभराने त्याचा फोन.

‘मावशी, अजूनही बोअरच आहे.’

‘कुठवर गेलास?’

‘ते सोड. मला एक सांग, सगळं बंद पडून दोन वर्षं झालीत ना? मग पंपावर पेट्रोल कसं मिळतं?’ आता तो गाड्यांची इंजिनं शिकलाय, त्यामुळे ऐकून घ्यावं लागतं. ‘एवढे दिवस पडून राहिलं की पेट्रोल बिघडतं. त्याच्यावर बाईक नीट चालणारच नाही. एवढं साधं यांना कळत नाही?’

‘म्हणूनच तर इतकं लागतं.’

‘काय?’

‘बिघडलेलं आहे म्हणून. चांगलं असतं तर टाकी एवढ्यात संपली असती का?’

तिकडे जरा वेळ शांतता. मग तो हसायला लागला. ‘हे त्यांनी कुठेही म्हटलेलं नाहीये, मावशी. हे तू आत्ता बनवलंस.’

‘आत्ताच बनवलं,’ मी म्हटलं. ‘पण तू त्या बेल्क्नॅपच्या भागातून पुढे जा रे. आणि उतारावर गॅस देत जाऊ नकोस.’